बोराएवढं सफरचंद

दिवाळी सरली की आमच्या गल्लीत शालवाले मामू येतात. पाठीवर भलंमोठं गाठोडं, अंगात ढगळ फिरन आणि दारातूनच सलाम. सांगोल्याच्या थंडीला काश्मिरी शाल कशाला लागते, असं आम्ही त्यांना गेली पंधरा वर्षं विचारतो आहोत आणि पंधरा वर्षं एक तरी शाल घेतो आहोत. अम्मींनी त्यांना भाऊ मानलं, म्हणून ते आम्हा सगळ्यांचे मामू झाले. माघारी निघताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "आपा, एकदा बहार बघायला या."

आमच्याकडे बहार म्हणजे डाळिंबाचा हंगाम. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार. पाणी तोडलं, पानगळ केली, पुन्हा पाणी दिलं की बहार धरला. मामूंच्या बोलीत बहार म्हणजे वसंत ऋतू. तो धरावा लागत नाही, आपोआप येतो, एवढीच आमची समजूत होती. गेल्या एप्रिलमध्ये अम्मींना घेऊन आम्ही शोपियानला गेलो आणि ही समजूत तिथेच सोडून आलो.

श्रीनगरमध्ये दोन दिवस सगळे बघतात तेच बघितलं. दल सरोवर, जबरवान डोंगराच्या पायथ्याची ट्युलिप बाग, मुघल बागा. तिसऱ्या दिवशी पुलवामामार्गे शोपियानचा रस्ता धरला. अंतर पन्नास-एक किलोमीटरच, पण अम्मींनी गाडी चार वेळा थांबवली. सरसोच्या पिवळ्या शेतांच्या मागे नुकती पालवी फुटलेली पॉप्लरची उंच झाडं आणि त्यांच्याही मागे पीर पंजालची बर्फाची भिंत. पुलवामा मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी सफरचंदाच्या बागा सुरू झाल्या. त्या पुढे मामूंच्या दारापर्यंत संपल्याच नाहीत.

मुमानी फाटकात उभ्या होत्या. त्यांना उर्दू जेमतेम येते, आम्हाला काश्मिरी अजिबात येत नाही. तरी अम्मी आणि त्या गळ्यात गळा घालून पाच मिनिटं काय बोलल्या ते त्यांनाच ठाऊक. समोवारमधून गुलाबी चहा आला. अम्मींनी मोठा घोट घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. तो नून चाय होता, मिठाचा. मामू हसून लोटपोट. दुसऱ्या दिवसापासून अम्मींसाठी वेगळा कहवा होऊ लागला. लवासा रोटी मात्र पहिल्याच घासात सगळ्यांना आवडली.

सकाळी बागेत गेलो. मामूंची बाग बारा कनालांची. आठ कनालांचा एक एकर होतो, म्हणजे बाग दीड एकराची. झाडांवर गुलाबी कळ्या टम्म फुगलेल्या. काही घोसांत मधलंच एक फूल उमललेलं, बाजूच्या कळ्या अजून मिटलेल्या. मामूंनी दाखवलं, "हे मधलं फूल आधी उघडतं. याचंच फळ सगळ्यांत मोठं होतं. बागवाले त्याला किंग म्हणतात." आम्ही फोटो काढत होतो, मामू आभाळाकडे बघत होते. पीर पंजालवर ढग उतरले होते.

त्या गुलाबी कळ्यांमध्ये काही झाडं वेगळीच दिसत होती. अंगानं बारीक, आमच्या डोक्याच्या थोडीच वर, पण बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पांढऱ्या फुलांनी इतकी भरलेली की फांदीचं लाकूड दिसू नये. इतर झाडांवर फुलं घोसाघोसांनी, जागा सोडून लागलेली. या झाडांची कालपरवाची कोवळी फांदीसुद्धा फुलांनी मढलेली. आणि वास असा की आमची मुलगी तिथून हलेना.

"हे कोणतं सफरचंद?" आम्ही विचारलं.

"क्रॅब. हे मंचुरियन."

"गाड्यावरचं मंचुरियन?" मुलगी हसायला लागली. पण नाव खरंच मंचुरियन आहे, चीनच्या उत्तरेकडच्या मंचुरियाचं. पलीकडे गोल्डन हॉर्नेट नावाचं दुसरं होतं. मंचुरियन लवकर उमलतं, हे थोडं मागाहून.

"आणि फळ?"

मामूंनी अंगठ्याचं टोक दाखवलं. बोराएवढं, आंबट, तुरट. बाजारात त्याला कुणी विचारत नाही.

अम्मी शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या. त्यांनी सरळच विचारलं, "मग भाईजान, जागा कशाला अडवली?"

मामू हसले आणि मग गप्प झाले. बागेच्या वरच्या कोपऱ्यात, ओढ्याकाठी एक जुना खोड-बुंधा होता, त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "मीसुद्धा हेच म्हणालो होतो. ते झाड माझ्या वालिदांनी लावलेलं. मी कापलं."

त्यांनी सांगितलेली हकिगत अशी. पूर्वी त्या भागात बागा मिसळीच्या असत. अंब्री ही काश्मीरची स्वतःची गोड, सुवासिक जात, महाराजी हे आंबट सफरचंद, त्रेल हे छोटंसं फळ आणि बांधावर एखादं क्रॅब. मग लाल डेलिशियसला भाव आला. पेटीला पैसे देणारं तेच, म्हणून एकेक करून बाकीची झाडं गेली. मामूंनीही क्रॅब कापून तिथे दोन डेलिशियस लावले. पाच-सहा वर्षं काही बिघडलं नाही, कारण शेजारच्या बागेत महाराजी आणि त्रेल होते. मग शेजाऱ्यांनीही सगळं डेलिशियस केलं. त्यानंतर बाग फुलायची तशीच, डोळे दिपावेत इतकी, पण फुलं गळून गेली की फांद्या रिकाम्या. धरलेलं फळही वाकडं, एका बाजूनं खुरटलेलं. मामूंनी खत वाढवलं, औषधं वाढवली, कर्ज वाढलं. फळ वाढलं नाही.

कारण साधं आहे, पण आम्हा शेतकऱ्यांनाही ते माहीत नव्हतं. सफरचंदाचं फूल आपल्याच जातीचा पराग स्वीकारत नाही. आणि डेलिशियसची सगळी झाडं म्हणजे खरं तर एकच झाड. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत 19 व्या शतकात एक रोप आपोआप उगवलं. जगभरातले डेलिशियस त्याच रोपाच्या कलमांची कलमं आहेत. शोपियानच्या बागेत डेलिशियसची हजार झाडं लावली, तरी फुलांच्या हिशेबानं तिथे झाड एकटंच असतं. त्याला दुसऱ्या जातीचा, त्याच दिवसांत उमलणारा सोबती लागतो. क्रॅब हा असा सोबती. तो सफरचंदाच्याच कुळातला आहे, पराग भरपूर देतो, अनेक दिवस फुललेला राहतो आणि जागा थोडी घेतो. जुना हिशेब असा की दर तिसऱ्या ओळीत दर तिसरं झाड परागाचं असावं. म्हणजे नऊ झाडांत एक.

अम्मी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मदीन्यात खजुरीचं असंच बघितलंय." हजच्या वेळी तिथल्या एका बागेत त्यांना नर झाडाचा तुरा मादी झाडाच्या मोहोरात खोचून दाखवला होता. मामूंना लगेच ती हदीस आठवली. मदीन्याचे लोक खजुरीला असा पराग देत, प्रेषित (स.) यांनी त्याबद्दल काही म्हटल्यावर त्यांनी ते सोडून दिलं, आणि त्या वर्षी पीक कमी आलं. तेव्हा, तुमच्या दुनियेतल्या कामाची जाण तुम्हाला अधिक आहे, अशा अर्थाचं त्यांनी सांगितलं. सहीह मुस्लिममधली ही हदीस आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेली आहे. ओढ्याकाठच्या त्या बुंध्याजवळ उभं राहून ती ऐकताना वेगळीच वाटली. मामू म्हणाले, "वालिदांना विज्ञान माहीत नव्हतं, काम माहीत होतं. मला पेटीचा भाव माहीत होता."

नवीन क्रॅब लावायची वेळ मात्र दुःखातूनच आली. 7 नोव्हेंबर 2019 ला खोऱ्यात अवेळी बर्फ पडला. झाडांवर अजून पानं होती. पानांवर ओला बर्फ साठला आणि फांद्याच काय, मधोमध झाडं चिरली. त्याच्या आदल्याच वर्षी, 3 नोव्हेंबरलाही असंच झालं होतं. मामूंची तीसेक झाडं गेली. 2020 च्या मार्चमध्ये, रिकाम्या झालेल्या खड्ड्यांपैकी निवडक जागी, त्यांनी क्रॅबची रोपं लावली. मुमानी म्हणाल्या, घरातल्या तरुण मुलांनी तेव्हा वाद घातला होता. आधीच कर्ज, त्यात बिनविक्रीच्या फळाची झाडं!

त्या दुपारपासून पाऊस सुरू झाला. दोन दिवस थांबला नाही. गारठा असा की आम्ही तिघं कांगडी घेऊन बसलेलो. मामूंनी भाड्यानं आणलेल्या मधमाश्यांच्या पेट्या बागेत ठेवलेल्या, पण एक माशी बाहेर येईना. पाऊस, वारा आणि दहा-बारा अंशांखालची थंडी असली की माशी उडत नाही. आणि फूल उमललं की तीन-चार दिवसांत पराग पोचला नाही तर ते रिकामंच गळतं. मामू दर अर्ध्या तासानं दार उघडून बाहेर बघत. आम्हाला आमच्या घरची सवय आठवली. ढगाळ हवा आली की आम्हीही असेच दारात उभे राहतो, तेल्या रोगाच्या धास्तीनं.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ऊन पडलं. मामू ओरडले, "बाटल्या!" घरातल्या, शेजारच्या सगळ्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या गोळा झाल्या होत्या, त्या का ते आता कळलं. मामूंची क्रॅबची झाडं अजून चार वर्षांची, लहान. त्यांच्या परागानं दीड एकर भागणार नव्हता. वरच्या वाडीत एका म्हाताऱ्या बागवाल्यानं आपलं जुनं क्रॅब कधी तोडलं नव्हतं. त्याच्याकडून फुललेल्या फांद्यांचे भारे आले. बाटलीत पाणी, पाण्यात क्रॅबची फांदी आणि बाटली डेलिशियसच्या झाडाला, उन्हाच्या बाजूला, छातीच्या उंचीवर बांधायची. मामू शाली विकायला हिमाचललाही जात असत, तिथल्या बागांत त्यांनी ही युक्ती बघितली होती.

आम्ही पाणी भरलं, मुलीनं सुतळ्या तोडल्या, अम्मींनी खुर्चीवर बसून फांद्या निवडल्या. पूर्ण उमललेली नको, अर्ध्या कळ्या अर्धी फुलं असलेली हवी, म्हणजे पराग दोन-तीन दिवस पुरतो. तासाभरात बाग लग्नघरासारखी दिसू लागली. आणि मग तो आवाज आला. आधी एक-दोन, मग सगळीकडून. माशा क्रॅबच्या फांदीवर बसत, तिथून गुलाबी फुलांवर, पुन्हा माघारी. कुणी बोलत नव्हतं. तीन तास ऊन टिकलं. जुहरची नमाज मामूंनी बागेतच पढली, बाटल्यांच्या मधोमध. दोनच्या पुढे पुन्हा ढग आले. "तीन तास मिळाले. अल्लाहचे आभार," एवढंच ते म्हणाले.

पुढचे दोन दिवस मामूंनी आम्हाला क्रॅबची निगा शिकवली. अंगणात फुलांसाठी लावणाऱ्यालाही हीच लागू आहे. डोंगराळ, थंड मुलखात कुणाचं घर असेल तर उपयोगी पडेल, म्हणून इथे देतो.

रोप हिवाळ्याच्या शेवटी, झाड झोपेत असताना लावायचं. दिवसात किमान सहा तास ऊन हवं आणि पाणी साचता कामा नये. मुळं मोकळी पसरतील असा रुंद खड्डा घ्यायचा. कलमाचा जोड मातीच्या वर वीतभर तरी राहिला पाहिजे. तो गाडला गेला की वरच्या फांदीलाच मुळं फुटतात आणि खालच्या खुंटाचा उपयोग राहत नाही. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी चुकवायचं नाही. बुडाशी गवताचं आच्छादन करायचं, पण ते खोडाला चिकटू द्यायचं नाही, नाहीतर साल कुजते आणि उंदीर ती कुरतडतात.

छाटणीही हिवाळ्याच्या शेवटीच. मेलेली, एकमेकांवर घासणारी, आत वळलेली फांदी काढायची. सरळ आभाळाकडे धावणारे पाणफुटवे काढायचे. खुंटातून, मातीतून येणारे फुटवे तर दिसताक्षणी उपटायचे. ते ठेवले की काही वर्षांत वरचं कलम मरतं आणि खुंटच झाड होऊन बसतो. उन्हाळा सरताना मात्र कात्री लावायची नाही, कारण पुढच्या वसंताच्या कळ्या तेव्हाच तयार होत असतात. पुष्कळ लोक दिवाळीच्या सुमारास झाड नीटनेटकं करतात आणि एप्रिलमध्ये फुलं का नाहीत म्हणून विचारतात.

रोगांत मोठा म्हणजे स्कॅब, पानांवर आणि फळांवर काळपट डाग. 1973 मध्ये या रोगाची साथ साऱ्या खोऱ्यात पसरली होती, जुनी माणसं अजून सांगतात. तो गळलेल्या पानांत हिवाळा काढतो, म्हणून शरद ऋतूत पानं झाडून बागेबाहेर न्यायची. हे बायकामुलांचं काम समजलं जातं, पण निम्मं औषध तेच आहे, असं मामूंचं म्हणणं. आणि शेवटचा नियम मामूंनी दोनदा सांगितला. फुलं असताना कीटकनाशक मारायचं नाही, कितीही घाई असो. आम्ही एकमेकांकडे बघितलं. गेल्या हस्त बहारात, डाळिंब ऐन फुलात असताना, आम्हीच फवारणी केली होती. सेटिंग कमी झालं तेव्हा आम्ही रोपवाटिकेला दोष दिला होता.

जाता जाता मामूंनी एका जुन्या डेलिशियसच्या बुडाशी कलमाची गाठ दाखवली. गाठीखालचं खोड वेगळ्या पोताचं होतं. "खाली क्रॅब आहे," ते म्हणाले. काश्मीरमधली पुष्कळ जुनी झाडं क्रॅबच्या रोपावर बांधलेली आहेत. थंडी आणि खडकाळ जमीन तेच सोसतं. ज्या झाडाला आम्ही बिनकामाचं म्हणत होतो, ते सगळ्या बागेच्या खाली उभं होतं.

निघायच्या आदल्या रात्री मुमानींनी दस्तरखानावर एक लहान बरणी ठेवली. आत माणकासारखी लाल जेली. गेल्या वर्षी त्या छोट्या झाडांवर आलेली पहिली फळं. कृती आमच्या गुळांब्याहून सोपी. फळं अख्खीच बुडतील एवढ्या पाण्यात मऊ शिजवायची, पातळ कापडात रात्रभर टांगायची, पिळायची नाही, पिळलं की गढूळ होतं. सकाळी त्या रसात जवळपास तेवढीच साखर घालून आटवायचं. आंबट फळातच घट्टपणा असतो, वेगळं काही घालावं लागत नाही. झाडावर उरलेली फळं मुमानी तोडत नाहीत. बर्फ पडल्यावर पाखरांना दुसरं काय असतं, त्या म्हणाल्या.

मुलीला एक रोप घरी न्यायचं होतं. मामूंनी दिलं नाही, आणि बरं केलं. क्रॅबला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडी लागते, ती मिळाली नाही तर कळ्या उठतच नाहीत. सांगोल्याच काय, महाबळेश्वरलाही ती पुरेशी पडत नाही. आपल्याकडे हौसेनं सफरचंद लावणारे ॲना, डोरसेट गोल्डन अशा कमी थंडीच्या जाती लावतात. त्यांच्यासाठी मामूंचा धडा एवढाच, एकटं लावू नका. ॲनाजवळ डोरसेट लावा, दोघं एकमेकांना पराग देतात.

दिवाळीनंतर मामू आले. या खेपेला गाठोड्याबरोबर एक पेटीही होती. अम्मींनी पहिलं सफरचंद घेतलं, पण उभं न चिरता आडवं कापलं. मामूंनीच तसं शिकवलं होतं. आडवं कापलं की मध्ये पाच पाकळ्यांची चांदणी दिसते, पाच खोल्या, प्रत्येकीत दोन बिया. दहा भरल्या तर पराग पुरा पोचला. अम्मींनी सुरीच्या टोकानं एकेक बी काढून बशीत मांडली. नऊ भरल्या.

"एक कुठं राहिली?" त्यांनी विचारलं.

"त्या दोन वाजताच्या ढगात," मामू म्हणाले, आणि गाठोड्याची गाठ सोडायला बसले. पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्रात बांधून, मूठभर बोराएवढी लाल सफरचंदं होती. या वर्षी हस्त बहारात आमच्या डाळिंबाला फुलं लागल्यापासून फवारणीचा पंप ओसरीत टांगलेला आहे.